चौदा होड्यांचं जहाज

"हे टेबलच हलतंय," घड्याळजी पुटपुटले.

पुटपुटले म्हणजे टेबलाच्या कानात सांगावं इतकं हळू. पण हातभर अंतरावर काकू कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसल्या होत्या, आणि नवऱ्याचं पुटपुटणं ऐकायला बायकोला कान लागत नाहीत, चाळीस वर्षांचा सराव पुरतो. त्यांनी मान वर केली नाही. दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "हलत असेल. जुनं झालंय."

टेबल हलत नव्हतं. भरीव लाकडाचं होतं, चार माणसांनी धापा टाकत जिन्यावरून वर आणलेलं. बत्तीस वर्षांत ते एकदाच जागचं सरकलं होतं, भिंतींना रंग द्यायचा होता तेव्हा, आणि त्याही वेळी रंगारी म्हणाला होता की त्यापेक्षा भिंत सरकवणं सोपं जाईल.

तरी सुताराला बोलावलं. त्यानं टेबल चारी बाजूंनी दाबून पाहिलं, वर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि उकिडवा बसून पेल्याकडे बघत राहिला. थेंब सांडला नाही. "अहो, हे टेबल तर," असं तो सुरू करतोय तोवर काकूंनी घड्याळजींच्या पाठीमागून त्याच्याकडे पाहिलं. काकूंचं ते पाहणं ज्यानं एकदा अनुभवलं तो पुन्हा वादाला उभा राहत नाही. सुतार पुन्हा खाली वाकला. "मागचा पाय सूतभर आखूड आहे," तो म्हणाला, आणि अजिबात आखूड नसलेल्या पायाखाली त्यानं पुठ्ठ्याची घडी सरकवली. त्यामुळे टेबल खरोखरच डगडगायला लागलं. घड्याळजी दुपारी लवंडले तशी काकूंनी ती घडी काढून केरात टाकली.

मग पंख्याचा नंबर लागला. वाऱ्यानं कागद हलतात, म्हणून पंखा बंद. सगळं घर घामानं निथळतंय. मग गोंद, तो पातळ होता. नवा आणला, तो दाट निघाला. मग चिमटा. ज्या चिमट्यानं घड्याळजींनी उभा जन्म केसासारख्या स्प्रिंगा उचलल्या, त्याची टोकं म्हणे आता जुळत नव्हती. काकू प्रत्येक वेळी हो म्हणाल्या. एकेक करत घरातली सगळी चीजवस्तू बदनाम झाली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्या घरात कुणी चुकूनसुद्धा तोंडावर आणत नसे. आणि खरी गोष्ट तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावरच होती, घड्याळजींचा उजवा हात. तो थरथरत होता.

दीड वर्ष झालं होतं. आधी नुसता अंगठा, मग मनगटापासून सगळा पंजा. चौकातल्या त्यांच्या टीचभर दुकानात एकदा एका बाईच्या मनगटी घड्याळाचा स्क्रू त्यांच्या चिमट्यातून निसटला. शोधला, पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तो कुठे गेला ते त्या स्क्रूलाच ठाऊक. पुढच्याच आठवड्यात घड्याळजींनी दुकान बंद केलं आणि घरी येऊन जाहीर केलं की मोबाईल आल्यापासून घड्याळं घालतंय कोण. सगळे म्हणाले, खरंच, घालतंय कोण. असं म्हणणाऱ्या तिघांच्याही मनगटावर त्या वेळी घड्याळ होतं.

हे असंच चाललं असतं. पण मधे घड्याळजींना खोकला झाला, आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर औषध लिहिता लिहिता त्यांच्या हाताकडे बघत राहिले. निघताना त्यांनी काकूंना दाराशी थांबवलं. हे मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणाले. घाबरण्यासारखं असेलच असं नाही, पण उशीर करण्यासारखं मात्र नक्की नाही.

त्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळायलाच दोन महिने गेले. मुलीनं फोन करकरून मिळवली, महिनाभरानं येणाऱ्या मंगळवारची, सकाळी साडेदहाची. मुलगी म्हणजे छकुली. वय छत्तीस, हाताखाली अकरा माणसं, पण घरात अजून छकुलीच. आता एकच काम उरलं होतं, ज्याला न्यायचं त्याला सांगायचं. आणि इथं गाडं अडलं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, हे सगळ्यांना मान्य होतं. घंटा विकतही आणून झाली होती.

"आई, तू सांग ना," छकुली फोनवर म्हणायची.

"मी सांगितलं तर म्हणतील, हिला शिवणापलीकडे काय कळतं. तू सांग. तू लाडकी."

"लाडकी आहे म्हणूनच नको. माझ्यापुढे त्यांना कसं वाटेल? काकाला सांग ना, त्याला म्हणावं तू बोल."

काका म्हणजे घड्याळजींचे धाकटे भाऊ, काकूंचे भावजी. जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेले, आणि रोज संध्याकाळी न चुकता चहाच्या वेळेला टपालासारखे येणारे. काकूंनी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. भावजींनी कप खाली ठेवला. "वहिनी, मी तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली," ते म्हणाले. "आत काय लिहिलंय ते कधी वाचून दाखवलं नाही. ते आपलं काम नव्हे." आणि पुन्हा कप उचलला.

अशा ह्या घरात जावईबापूंनी सासऱ्यांच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला आणलं काय, तर कागदाचं जहाज.

जावयाचा दोष नव्हता. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. जे एकमेकांत बोलायचीच चोरी, ते जावयाला कोण सांगणार? त्यांना एवढंच ठाऊक की बाबांचा वेळ जात नाही आणि बाबांच्या हातात जादू आहे. दोन्ही ऐकीव माहिती जोडून त्यांनी हे शोधून काढलं. शंभर वर्षांपूर्वीचं, कोळशावर चालणारं मालवाहू जहाज. धान्य, लोकर, लाकूड वाहायचं. मोठ्या आकाराची छापील पुस्तिका, जाड कागद, त्यावर जहाजाचा एकूण एक भाग उलगडून छापलेला. कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं. चार कोठारं, एक धुराडं, दोन डोलकाठ्या, माल उचलायच्या आठ याऱ्या, शिड्या, कठडे, नांगर, हवा आत घेणारे वाकड्या मानेचे भोंगे. तयार झाल्यावर लांबी चव्वेचाळीस सेंटिमीटर. भाग एक हजार तीनशे बारा, त्यातला सगळ्यात लहान तिळापेक्षा लहान.

पुस्तिका उघडली. छकुलीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बिचारा आपल्या शर्टावर काही सांडलंय का ते बघायला लागला. पण घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पानावर वाकले. पंधरा मिनिटं वर आले नाहीत. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा काकूंनी दीड वर्षात पाहिला नव्हता तसा होता. नव्या घड्याळाचं पाठीमागचं झाकण पहिल्यांदा उघडल्यावर व्हायचा तसा. "करणाऱ्यानं केलंय हो," ते म्हणाले. "एकेक बरगडी काढलीय."

झालं. आता ते जहाज घरातून परत जाणं शक्य नव्हतं.

काकूंनी पहिल्याच दिवशी एक शहाणपणा केला. पुस्तिकेला कात्री लागायच्या आत ती घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या आणि सगळ्या पानांच्या जाड कागदावर रंगीत प्रती काढून आणल्या, तीन तीन. ह्यात तेव्हा काही कट नव्हता. बेतल्याशिवाय कापायचं नाही आणि नमुना जपल्याशिवाय बेतायचं नाही, हा शिवणाचा धर्म. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "काकू, गोदी काढताय का?" काकू म्हणाल्या, "काढली तर तुला हमाल ठेवीन."

आणि काम सुरू झालं. जहाजाचा सांगाडा म्हणजे मधे लांबट कणा आणि त्याला आडव्या अठरा बरगड्या. सकाळी नऊ ते बारा घड्याळजी टेबलाशी. कटर रेघेवर ठेवायचे, श्वास रोखायचे, आणि पातं रेघेवरून शहाण्यासारखं चालता चालता मधेच शेजारच्या गल्लीत शिरायचं. घड्याळजी म्हणायचे, टेबल. काकू म्हणायच्या, हो ना. बारा वाजता कुरतडलेली बरगडी टेबलावर ठेवून ते जेवायचे, आणि दोन ते चार झोपायचे.

दोन ते चार काकू जहाज बांधायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त एक बरगडी बदलली. झेरॉक्सच्या प्रतीतून नवी कापली, सांगाड्यात बसवली, जुनी पोलक्यात लपवली आणि चहा ठेवला. घड्याळजी उठले, टेबलाशी आले, बरगडीकडे बघितलं. काकूंनी साखरेच्या डब्यात डोकं घातलं.

"सकाळी जरा वाकडी वाटत होती," घड्याळजी म्हणाले.

"गोंद वाळला की बसतं सगळं," काकू डब्यातून म्हणाल्या.

"हं," घड्याळजी म्हणाले.

मग काय, सोकावल्याच. तीन आठवड्यांत काकू अशा तयार झाल्या की विचारू नका. रिकाम्या बॉलपेननं दुमडीची रेघ कशी दाबायची, कापलेली पांढरी कड रंगाच्या पेन्सिलीनं कशी झाकायची, भोंग्याची नळी सुईभोवती गुंडाळून कशी वळवायची, सगळं आलं. एकदा तर गिऱ्हाईक पडदे न्यायला आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या या, आज धुराडं घेतलंय." गिऱ्हाईक निमूट गेलं.

पण चाळीस वर्षांचा हात एका महिन्यात बदलत नसतो. काकूंच्या हातून आजवर रेघेवर काही कापलं गेलं नव्हतं. रेघ ही शिवायची असते. कापायचं ते तिच्या बाहेर बोटभर ठेवून. वाढत्या अंगासाठी, धुऊन आटेल त्यासाठी, चाळिशीत सुटणाऱ्या पोटासाठी. ह्या बोटभर कापडावर काकूंचा सगळा नावलौकिक उभा होता; चार वर्षांपूर्वीचे कपडे उसवून मोठे करून देणारी बाई म्हणून लोक लांबून यायचे. कागद कापताना त्यांना वाटायचं की आपण अगदी रेघेवर कापतोय. प्रत्यक्षात कात्री सवयीनं एक मिलिमीटर बाहेरून चालायची. डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक. आणि काकूंनी बदललेल्या बरगड्या होत्या बरोबर पोटाच्या, सहा ते चौदा.

वरून जहाजाचं कातडं चढवायची वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूचे कागद मधे भेटेनात. काकूंनी डोकं लावलं. घट्ट झालेल्या सदऱ्याला बगलेत पट्टी जोडतात तशी एक निमुळती पट्टी जोडली, वरून काळा रंग फासला. शिवण कुठे दिसत नाही म्हणून स्वतःवर खूश झाल्या.

गुरुवारी घड्याळजींनी जहाज दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि समोरून बघितलं. मग मागून. मग ते खाली ठेवून भिंग काढलं, मग मोजपट्टी.

"हे जहाज सातव्या महिन्यातलं दिसतंय," ते म्हणाले.

काकूंच्या शिलाई मशीनचं चाक थांबलं. "म्हणजे?"

"रुंदी सहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर हवी. सहा-चार भरतेय. दोन जास्त."

"आत माल भरला असेल."

"कागदी जहाजात?"

"शंभर वर्षांचं झालं म्हणता ना. सुटायचंच पोट."

घड्याळजींनी भिंगातून काकूंकडे पाहिलं. भिंगातून बघितलं की त्यांचा तो डोळा घुबडाएवढा दिसायचा आणि त्यातलं काही कळायचं नाही. मग त्यांनी जहाज उचलून खिडकीत ठेवलं आणि म्हणाले, "आता होड्या."

होड्या म्हणजे जहाज बुडालं तर जीव वाचवायला दोन्ही कडांना टांगलेल्या चार होड्या. नवव्या पानावर होत्या. एकेक होडी अंगठ्याच्या नखाएवढी. आठ पाकळ्यांचं फूल असावं तशी छापलेली, आणि पाकळ्या कडेला कड लावून एकेक चिकटवत न्यायच्या. भल्याभल्यांनी हात टेकावे असं काम. घड्याळजींनी शुक्रवारचा सबंध दिवस आणि शनिवारची सकाळ त्यावर घातली. टेबलाबद्दल बोलले नाहीत. पंख्याबद्दल बोलले नाहीत. एकदाच, पाकळी चौथ्यांदा सुटली तेव्हा, त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. काकूंनी ते पाहिलं आणि सुईत ओवलेला दोरा उगाच काढून पुन्हा ओवला.

शनिवारी बाराला चार होड्या झाल्या. त्यांनी त्या दुकानातल्या पत्र्याच्या डबीत ठेवल्या, जिच्यात पूर्वी सुट्टे काटे असायचे. "उद्या छकुली येणार आहे," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर लावू."

ते झोपल्यावर काकूंनी डबी उघडली. आत दोन होड्या होत्या, एक बुडालेली होडी होती, आणि एक नुसतीच होडीची आठवण होती.

काकूंना त्या फेकवेनात. पोलक्यातही लपववेनात. बरगडीचं वेगळं, बरगडी झाकली जाते. ह्या दीड दिवस खपून केलेल्या होड्या होत्या. मग त्यांनी गठ्ठ्यातून नवव्या पानाची प्रत घेतली, खिडकीपाशी बसून चार होड्या केल्या आणि डबीत त्या पहिल्या चारांशेजारी ठेवून दिल्या. आपसूक चांगल्याच उचलतील, त्यांनी मनाशी म्हटलं. नवऱ्याच्या ताटात चांगली पोळी वर ठेवावी, तसं.

गठ्ठा परत ठेवताना नवव्या पानाची एकही प्रत शिल्लक दिसली नाही तेव्हा त्या क्षणभर थबकल्या. तीन होत्या ना? मग आठवलं: मागच्या रविवारी छकुली एक घेऊन गेली होती, "सहज बघायला". पण मग, एक आपण वापरली तरी, एक उरायला हवी होती. भावजीही परवा गठ्ठा चाळत बसले होते खरे. काकूंनी फार विचार केला नाही. चाराला पाच कमी होते.

रविवारी सगळे जमले. आधी भावजी आले, "जहाज कुठवर आलं बघू" म्हणत टेबलाशी रेंगाळले. मग छकुली आणि जावईबापू आले. छकुली सँडल काढायच्या आधीच टेबलाशी गेली आणि म्हणाली, "वा, डबी अजून आहे का ही." काकू स्वयंपाकघरात होत्या. पोळ्या करपत होत्या. त्यांनी ऐकलं, आणि ऐकूनही त्यांच्या डोक्यात काही पेटलं नाही.

जेवणं झाली. टेबल पुसून कोरडं केलं. घड्याळजींनी मधोमध जहाज ठेवलं, त्याच्याशेजारी गोंद, चिमटा, डबी. सगळे खुर्च्या ओढून बसले. घड्याळजींनी डबीचं झाकण उघडलं आणि आत बघितलं.

बघतच राहिले. मग त्यांनी डबी रुमालावर उपडी केली. होड्या घरंगळल्या.

"चार," छकुली ठामपणे म्हणाली, न मोजता.

"चौदा," घड्याळजी म्हणाले.

जावईबापू पुढे झुकले आणि कौतुकानं म्हणाले, "बाबा, चौदा केल्यात?"

काकूंनी भावजींकडे पाहिलं. भावजी छकुलीकडे बघत होते. छकुली आईकडे बघत होती. तिघांच्या तोंडावर एकच भाव, चोरानं चोराला एकाच कपाटात गाठावं तसा.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. बोटानं एकेक होडी ढकलत त्यांनी होड्यांच्या रांगा लावल्या, घाई न करता. दुकानात घड्याळ उघडून बिघाड शोधताना ते असेच शांत असायचे, आणि गिऱ्हाइकाला घाम फुटायचा.

"ह्या चार," त्यांनी पहिली रांग पुढे सरकवली. "ह्या होड्यांना गोंद लावलेला नाही, गोंदाला होड्या लावल्यात. पाचवीत असताना एकीनं भूगोलाची वही अशी चिकटवली होती की बाईंना ती उघडून तपासताच आली नाही. पास करावं लागलं."

छकुली टेबलावरचा न पडलेला डाग खरवडायला लागली.

"ह्या दोन." दुसरी रांग. "ह्यांचा रंग कडेला फुटलाय. गोंद न लावता ह्या चाटल्यात कुणीतरी. तिकिटासारख्या."

भावजींनी हात तोंडावर नेला, मग उशीर झालाय हे लक्षात येऊन खाली घेतला. "सवय," ते म्हणाले. "दोनच केल्या पण. जीभ रंगली."

"ह्या चार." तिसरी रांग काकूंसमोर आली. "काम फक्कड आहे. एक पाकळी इकडची तिकडे नाही. फक्त प्रत्येक होडी मूळ मापापेक्षा दोन मिलिमीटर ढगळ आहे. ही होडी लहान मूल असताना शिवली, मोठी होईल म्हणून. बरगड्यांचंही तेच. सहा ते चौदा. बगलेत पट्टीसुद्धा आहे."

काकूंच्या कानशिलांतून धग निघाली. "पट्टी दिसली तुम्हाला?"

"मला नाही दिसली. बोटाला लागली."

जावईबापूंना हसू आवरेना. पण आपण एकटेच हसतोय असं वाटून त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"आणि ह्या," घड्याळजींनी शेवटच्या चार होड्या रुमालाच्या कडेला एका बाजूला घेतल्या, "ह्या माझ्या."

त्यांनी भिंग काढून ठेवलं. भिंगाशिवाय ते एकदम साधे दिसले, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे.

"का केलंत?"

प्रश्न कुणा एकाला नव्हता, म्हणून सगळ्यांनी तो शेजारच्याला दिला.

"मला आवडायला लागलं हो बाबा," छकुली म्हणाली. "ऑफिसातून आल्यावर डोकं शांत होतं."

"घरी वेळ जात नाही," भावजी म्हणाले. "त्यात काय एवढं. भाऊ भावाच्या दोन होड्या करणार नाही का?"

"नऊ बरगड्या?" घड्याळजींनी काकूंना विचारलं.

"झेरॉक्स उरल्या होत्या," काकू म्हणाल्या. "वाया जाण्यापेक्षा."

"मला कुणी सांगितलंच नाही," जावईबापू रुसल्यासारखे म्हणाले. "मी पण केल्या असत्या. पण खरं सांगू का, तुम्ही उगाच मधे पडलात. ज्या माणसानं आयुष्यभर घड्याळं उघडली, त्याच्या कामात कसली मदत करायची? बाबांचे हात म्हणजे..."

वाक्य तिथंच लोंबकळलं, कारण छकुलीनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला होता, आणि चांगला दिला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. मग सासूकडे. मग भावजींकडे, जे एकाएकी छताचा अभ्यास करायला लागले होते. आणि मग, पहिल्यांदाच, त्याची नजर टेबलाच्या कडेवर गेली. तिथं घड्याळजींनी उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता, पाखरू धरावं तसा. जावयाचं तोंड मिटलं. त्याच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला की काकूंना त्याची दया आली.

खोलीत आता पंखा चालू असता तर बरं झालं असतं. काहीतरी आवाज तरी.

"मी काही रागावलेलो नाही," घड्याळजी म्हणाले. ते आता फक्त काकूंकडे बघत होते. "जहाज सुंदर झालंय. मी एवढंच विचारतोय, तुम्ही तिघांनी, एकमेकांना न सांगता, लपूनछपून, माझ्या होड्या पुन्हा का केल्या? काहीतरी कारण असेल ना."

"असंच," छकुली पुटपुटली.

"असंच नाही. असंच कुणी होडी चाटत नाही."

भावजींनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे दादा, की कागद जरा..."

"तू थांब." आवाज चढलेला नव्हता. "सांग गं," ते काकूंना म्हणाले. "का?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत हा माणूस कितीदा तरी चिडला होता, रुसला होता, घड्याळाचा राग जेवणावर काढून उपाशी झोपला होता. ते सगळे चेहरे त्यांना पाठ होते. हा त्यातला नव्हता. दुकानात कधी कधी एखादं गिऱ्हाईक यायचं, वडिलांचं जुनं घड्याळ घेऊन. ते आता चालणार नाही हे त्याचं त्यालाच कळलेलं असायचं, तरी ते काउंटरपाशी उभं राहायचं, कुणीतरी तोंडानं सांगेपर्यंत. काकूंना एकदम वाटलं, आपण इतके दिवस ह्याला वाचवत नव्हतो. ह्याला एकट्याला बसवून ठेवलं होतं.

त्यांनी हात पुढे केला आणि टेबलावर त्यांच्या त्या धरून ठेवलेल्या हातांवर ठेवला. खालून ती थरथर त्यांच्या तळव्याला लागली. सुरू ठेवलेल्या शिलाई मशीनच्या पाट्यावर हात ठेवल्यावर लागते तेवढीच, जास्त नाही.

"तुमचा हात थरथरतो म्हणून," काकू म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. मंगळवारी साडेदहाला डॉक्टरांची वेळ घेतलीय, आपण दोघं जायचंय."